चौघांनी जुळवलेली पत्रिका

कोळवण,
३ फेब्रुवारी २०२६

हेमाताईस,

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, ठीक आहे. मावसभावाला ब्लॉक करून वर भिवाजीबरोबर निरोप पाठवतेस की "लिहायचंच असेल तर कागदावर लिही, हात दुखला की तरी थांबशील," तेही ठीक. भिवाजीची दुधाची जीप रोज महाळुंग्याला जातेच. हे पत्र तो तुझ्या हातात देईल. वाचायचं. फाडायचं असेल तर वाचून फाड.

जुईलीच्या घरून आमच्या स्थळाचं उत्तर आलं. तिचे वडील, नरहरीकाका, परवा स्वतः आले. ओसरीवर बसले, चहा घेतला, आबांशी इंद्रायणी तांदळाच्या भावाचं बोलले, रानडुकरांनी काय काय उकरलं त्याचं बोलले, आणि उठता उठता टोपी नीट करत म्हणाले, "जयसिंगराव, बाकी समदं चांगलं हाय, पन पत्रिका जुळत न्हाई." आमचे आबा म्हणाले, "देवाची इच्छा." झालं! दोन म्हाताऱ्यांनी चहाच्या एका कपात माझा निकाल लावला. मी आतून ओरडलो, "कुनी बघितली पत्रिका?" नरहरीकाका म्हणाले, "बघितली एकानं." एकानं म्हणजे कुणी, तर गप्प. आबांनी मला डोळ्यांनी दाबलं आणि पाहुण्यांना आणखी चहा सांगितला.

ताई, मी पत्रिका मानत नाही. बारा घरं आणि नऊ ग्रह. एवढ्या भाडेकरूंवर तर तुमच्या महाळुंग्यात चाळसुद्धा चालत नाही. पण पत्रिकेनं मला मारलं असेल, तर मी पत्रिकेनंच उठणार. दोन्ही टिपणं आमच्या देवघरात होतीच. मी त्यांचे फोटो काढले आणि फोनमधल्या चारी एआय यंत्रांना दिले.

एकाला विचारून गप्प बसणारे लोक मूर्ख असतात. आमच्या फार्महाऊसवाल्या साहेबांसारखे. ते आंब्याला पाणी किती घालायचं तेही एका यंत्राला विचारतात, आणि मग झाड मेलं की मला विचारतात. मी चौघांना एकच प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरं एकमेकांना दाखवतो, आणि मग ज्याचं जे चांगलं ते काढून एक पक्कं उत्तर बनवतो. इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं म्हणून काय, पद्धत तर शिकलो.

चौघांना मी नावं ठेवलीत. पहिला गुरुजी: काहीही विचार, आधी प्राचीन काळापासून सुरू करतो. दुसरा वकील: सात मथळे, प्रत्येक मथळ्याखाली तीन पळवाटा. तिसरा गोडबोल्या: मी जे म्हणेन ते त्याला अतिशय सुंदर वाटतं. बाकीच्यांची उत्तरं दाखवली, तर तीही त्याला अतिशय सुंदर वाटतात. चौथा तिरसट. तिरसटला ग्रह मोजायला सांगितले, तर मला विचारतो, "मुलीशी आपण स्वतः बोललात का? 'पत्रिका जुळत नाही' हे काही ठिकाणी नम्र नकाराचं कारण म्हणूनही सांगितलं जातं." त्याला म्हटलं, तू गुण मोज, गावगप्पा नको. त्याला मी यादीतून काढलाय. तिघांचं जुळतं तिथं चौथ्याचं काय ऐकायचं?

छत्तीसपैकी गुरुजीनं साडेसतरा गुण दिले, वकिलानं सव्वीस, गोडबोल्यानं एकतीस. टिपण तेच, ग्रह तेच! तरी सरासरी काढली तर लग्न होतंच.

आता तुझं काम. जुईली सोमवार ते शुक्रवार तुझ्या वरच्या खोलीत राहते, तिथून दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला जाते. तिला नुसतं बघून सांग, जेवते का नीट? गेल्या रविवारी ती एसटीतून उतरली तेव्हा माझ्याकडे बघून हसली. याचा अर्थही मी विचारला. गुरुजी, वकील, गोडबोल्या तिघंही म्हणाले, आशादायक आहे. तिरसट म्हणाला, ओळखीच्या माणसाकडे बघून लोक हसतात.

म्हणूनच काढला त्याला.

तुझा,
इंद्रजित

---

महाळुंगे,
८ फेब्रुवारी २०२६

इंद्रजित,

पत्र मिळालं. कागदाला दुधाचा आंबूस वास होता, मजकूर त्याहून आंबलेला.

बावीस वर्षांचा घोडा झालास आणि एका पोरीच्या हसण्याचा अर्थ चार यंत्रांकडून लावून घेतोस? आमच्या साईटच्या ऑफिसात अशी गिऱ्हाइकं येतात. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घ्यावा का, हे पाच जणांना विचारतात, आणि पाचवा "घे" म्हणाला की त्यालाच शहाणा म्हणतात. तू त्यांच्या पंगतीतला.

नीट ऐक. आपल्यात "पत्रिका जुळत नाही" म्हटलं की "देवाची इच्छा" म्हणायचं आणि दुसऱ्या दाराला जायचं. आबाकाकांनी तेच केलं. ते सातवीपर्यंत शिकले, म्हणून त्यांना चटकन कळलं. तू कॉलेजात मास्तराशी भांडून घरी आलास, तेव्हा निदान एवढं तरी शिकून यायचं होतंस.

जुईली माझी भाडेकरू आहे. जेवते. खोली स्वच्छ ठेवते. तिच्या मनात काय आहे, ते मी विचारत नाही आणि तुला सांगणार नाही. तिला तू पाठवलेले मेसेज मात्र तिनं मला एकदा दाखवले होते. "तुझ्या सान्निध्यात मनाला एक अनामिक ऊर्जा मिळते." अरे, तू गोठ्यात उभा राहून हे पाठवलंस ना? माझ्या मावशीच्या घरात "सान्निध्यात" हा शब्द आजपर्यंत कुणी उच्चारला आहे का?

तुझं भलं व्हावं, असंच मला वाटतं. मुलगी गुणी आहे, घर चांगलं आहे, सगळं खरं. पण हा विषय आता सोड.

हेमाताई

---

कोळवण,
१६ फेब्रुवारी २०२६

हेमाताईस,

जिंकलो!

आधी तुझ्या पत्राबद्दल. त्याचा फोटो काढून तिघांना दिला. तिघांनी वाचून सांगितलं की पत्रलेखिका वरवर रागावलेली असली, तरी मनानं अनुकूल आहे. पुरावा म्हणून तुझंच वाक्य काढून दिलं, "मुलगी गुणी आहे, घर चांगलं आहे, सगळं खरं." गोडबोल्या तर म्हणाला, अशी बहीण लाभणं हे भाग्य. तेव्हा उगाच शिव्या देऊ नकोस, तू कुणाच्या बाजूची आहेस ते मला कळलंय.

मग मी बसून अहवाल तयार केला. गुरुजीकडून नाडी घेतली, कारण नाडीत त्यालाच दोष सापडला नाही. वकिलाकडून मंगळ घेतला. गुण गोडबोल्याचे घेतले. पौडला जाऊन रंगीत छापून आणला, वर प्लास्टिकचं आवरण, कडेला स्पायरल. छापणारा म्हणाला, कॉलेजचा प्रोजेक्ट का? मी म्हटलं, त्याहून मोठा.

काल महाशिवरात्र. ओढ्यापलीकडं त्यांच्या वाडीवरच्या देवळात सगळी माणसं होती. नरहरीकाका फराळाला भगर वाढत होते. मी म्हटलं, काका, जरा ऐका, आणि सगळ्यांसमोर उभा राहून वाचलं. बायकांतल्या रत्नाबाई म्हणाल्या, "पोरानं पोथी आनली व्हय? थांबा, गप बसा, पोथी वाचतोय." बायका हात जोडून बसल्या, ताई! मी आवाज चढवला. नाडी झाली, गण झाला, गुण झाले. मग हुकमाचं पान काढलं.

एक अडचण होती ना, मला मंगळ आहे. आबांनी ती कधी लपवली नाही. वकिलानं त्यावर तोड काढली: जुईलीच्या टिपणात लग्नस्थानाऐवजी चंद्रापासून घरं मोजली, तर तिलाही मंगळ निघतो, आणि दोघांनाही मंगळ असला की दोष जातो. बाकी दोघं आधी म्हणत होते, तिला मंगळ नाही. मी त्यांना वकिलाचं दाखवलं, तर म्हणाले, हा मुद्दा विचार करण्याजोगा आहे. झालं एकमत! मी देवळात मोठ्यानं सांगितलं, "काका, काळजी मिटली! जुईलीलापन मंगळ हाय!"

नरहरीकाकांच्या हातातली पळी तशीच राहिली. कुणाला एक शब्द खोडता आला नाही. काका नुसते म्हणाले, "पोरा, घरी जा." आवाज बसला होता त्यांचा. पटल्यावर माणसाचं असंच होतं.

जुईली बायकांत बसली होती. ती उठून बाहेर गेली. लाजली असणार. आता ते पुन्हा येतील आबांकडं. आबांना मात्र कुणीतरी काय सांगितलं कोण जाणे, कालपासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना आनंद दाखवता येत नाही.

तू रजा काढून ठेव.

इंद्रजित

---

महाळुंगे,
१७ फेब्रुवारी २०२६

इंद्रजित,

तुझं पत्र भिवाजीनं दिलं, तेव्हा जुईली माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. ती लाजलेली नव्हती.

तू देवळात, शंभर माणसांत, एका लग्नाच्या मुलीला मंगळ लावलास. जो तिला नाही. जन्मात नव्हता. चंद्रापासून मोज, नाहीतर चुलीपासून मोज. माणसांनी ऐकलं ते एवढंच. येत्या रविवारी मुठा खोऱ्यातले पाहुणे तिला बघायला येणार होते. मुलगा तिच्या माहितीतला आहे, तिला पसंत आहे, फक्त रीत करायची होती. काल मुलाच्या आईचा फोन आला नरहरीकाकांना, "मुलीला मंगळ हाय, हे आमच्यापासनं का लपवलं?" काका म्हणाले, नाही हो. त्या म्हणाल्या, "सगळं खोरं बोलतंय, छापून आलंय म्हनं." तुझं ते रंगीत स्पायरल! बघणं थांबलंय.

आता दुसरं ऐक, आणि हे कुठल्याही यंत्राला दाखवू नकोस. पत्रिका कुणी बघितलीच नाही. तुमचं स्थळ आलं तेव्हा जुईलीनं स्वतः नाही म्हटलं. नरहरीकाकांनी मला फोन केला, "जयसिंगरावांचं मन न दुखवता कसं सांगू गं?" मी म्हटलं, नेहमीचं सांगा. तेच त्यांनी सांगितलं. तुझ्या वडिलांची मान खाली जाऊ नये म्हणून तो म्हातारा ओढा ओलांडून चालत येऊन तुमच्या ओसरीवर खोटं बोलला. आबाकाकांनी त्याची किंमत ओळखली, म्हणून जास्तीचा चहा सांगितला. त्या चांगुलपणाला तू भर देवळात गुण लावत बसलास.

तिनं नाही का म्हटलं, तेही सांगते. ती म्हणाली, "ताई, त्याच्याशी बोलताना चार जण एकदम बोलतात, आणि त्यात तो कुठला ते कळत नाही."

तुझ्या तिरसटनं तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चौघांत एकच माणसात बसण्यासारखा निघाला, आणि नेमका त्यालाच तू उठवलास.

हेमलता

---

कोळवण,
१८ फेब्रुवारी २०२६

ताई,

तू आधी का नाही सांगितलंस? सरळ सांगायचं, "ती नाही म्हणाली." तीन शब्द. तुम्ही सगळे टोप्या नीट करता, चहा पिता, देवाच्या नावावर ढकलता, आणि मग म्हणता, पोराला कळलं कसं नाही! मला नकार द्यायला बारा घरं आणि नऊ ग्रह कामाला लावलेत, आणि वर मूर्ख मीच.

असो. आहे मी मूर्ख.

काल तिघांकडून माफीची पत्रं लिहून घेतली. गुरुजीची क्षमा या गुणाच्या थोरवीपासून सुरू होते. वकिलाच्या पत्रात माझी चूक कुठंच नाही, "गैरसमज निर्माण झाला" आहे. तो आपोआप निर्माण झाला, जसं शेवाळ होतं. गोडबोल्या म्हणाला, चूक कबूल करणारे तुमच्यासारखे लोक फार थोर असतात. मला पहिल्यांदाच त्याची किळस आली. तिन्ही जोडून एक पत्र बनवलं. बरोबर पाठवतोय. नरहरीकाकांना तू वाचून दाखवशील का? मी गेलो तर वाडीवरची पोरं मला ओढ्यात लोटतील.

तिला तो मुठ्याचा मुलगा खरंच पसंत आहे?

इं.

---

महाळुंगे,
१९ फेब्रुवारी २०२६

इंद्रजित,

पत्र चुलीत घातलं. गॅस आहे, तरी खास बाहेर पाणी तापवायच्या चुलीत नेऊन घातलं.

देवळात वाचताना तोंड तुझं होतं ना? मग माफीला माझं कशाला? माणसांत लावलेलं माणसांतच धुवायचं असतं. सकाळी वाडीवरच्या डेअरीवर दूध घालायला सगळी येतात. तिथं जा, नाहीतर पुन्हा कुठल्याही भिवाजीबरोबर मला कागद पाठवू नकोस.

हो. पसंत आहे.

हेमाताई

---

कोळवण,
२५ फेब्रुवारी २०२६

हेमाताईस,

गेलो होतो. आज सकाळी.

आधी पाच दिवस गेलो नाही. रोज ओढ्यापर्यंत जायचो आणि परत यायचो. आबा एकदा नुसते म्हणाले, "ओढ्याला पूर हाय का रे?" फेब्रुवारीत. ओढ्यात खडेसुद्धा कोरडे आहेत.

डेअरीवर रांग होती. मी फोन घरी ठेवून गेलो होतो, कागदही नव्हता. मला बघून कुणीतरी म्हणालं, "आला रे आला, ज्योतिषी आला. आज कुनाचं लग्न मोडनार?" दुसरा म्हणाला, "माझ्या म्हशीची पत्रिका बघ की, गाभण ऱ्हात न्हाई." हसले सगळे. मी हसू दिलं. म्हणजे, द्यावं लागलं. एरवी मी त्याची कॉलर धरली असती, तुला माहीत आहे.

मग मी नरहरीकाकांसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "काका, जुईलीला मंगळ न्हाई. मी खोटं वाचलं. माझं जुळावं म्हनून यंत्राकडनं पाहिजे तसं काढून घेतलं."

रत्नाबाईंनी किटली खाली ठेवली. "मग पोथीत छापलं व्हतं ते?"

"ते मीच छापलं. पौडात."

"आन् पत्रिका?"

ताई, खरं सांगतो, मंगळाचं बोलणं सोपं होतं. हे नव्हतं. आबांचं नाव, आमचं घर, सगळं त्या एका वाक्याखाली उभं होतं. पण ते सांगितल्याशिवाय लोक म्हणणार, मंगळ नाही तर नकार का आला, काहीतरी असणारच मुलीत. मी म्हटलं, "पत्रिकेचा संबंध न्हाई. तिनं मला नको म्हटलंय. मुलीत काय खोट न्हाई. मी तिला आवडलो न्हाई, येवढंच."

मग रत्नाबाई म्हणाल्या, "म्हंजी मंगळ फकस्त तुलाच?"

"व्हय."

"तुला मंगळ न्हाई, मुडद्या, तुला खाज हाय."

असा हशा उठला की डेअरीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. आता माझं नाव पडलंय "खाजगुरू." कोळवणच्या स्टँडपर्यंत माझ्याआधी पोचलं ते. फार्महाऊसवाल्या साहेबांनासुद्धा माळ्याकडून कळलं. त्यांनी मला विचारलं, खाजगुरू म्हणजे प्रायव्हेट ट्यूटर का? असली माणसं इथं जमिनी घेतात.

नरहरीकाका हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्यांच्या किटलीचं झाकण माझ्या हातात दिलं. "धर," म्हणाले, "दूध वततो." मी धरलं. तेवढंच झालं आमच्यात.

परत निघालो तर ओढ्यापाशी मागून हाक आली. जुईली. तिला सुट्टी आहे, हे मला ठाऊक नव्हतं. असतं तर आज गेलोच नसतो. डेअरीवर मागं कुठंतरी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला, हातात चप्पल घेऊन आली होती.

ती म्हणाली, "आज बोललास तसा आधी माझ्याकडं आला असतास, तरी मी न्हाईच म्हनाले असते."

मी म्हटलं, "व्हय."

"पन तुझ्या तोंडावर म्हनाले असते. बापाला चालत पाठवलं नसतं."

आणि गेली. हसली वगैरे नाही. बरं झालं, मला आता त्याचा अर्थ लावत बसायचा नाही. छातीत मात्र काहीतरी अजून तसंच आहे, ताई. ते कसं जातं ते मी कुणालाच विचारलेलं नाही.

मुठ्याच्या पाहुण्यांना नरहरीकाकांनी पुन्हा निरोप धाडलाय, असं भिवाजी म्हणतो. ते येतील की नाही, मला माहीत नाही. पण आले तर काकांच्या दारात मोटार वळत नाही, मागच्या वेळी कुणाची तरी बांधावरून खाली गेली होती. ओढ्याच्या अलीकडं आमचं खळं मोकळं आहे. आज दुपारी मी झाडून, पाणी मारून ठेवलंय. गाड्या तिथं लावा म्हणावं. त्या दिवशी मी लवासाच्या बाजूला कुठंतरी जाऊन बसेन, त्या ओसाड इमारतींकडं बघत. खळ्यावर आबा असतील.

हे तू तुझं म्हणून सांग. माझं नाव घेऊ नकोस.

इंद्रजित